कॉइलचं बिऱ्हाड

घरी विमान बांधणाऱ्या माणसानं कोलकात्यात कुठे जावं, असं कुणी विचारलं तर दमदम किंवा बेहालाच्या धावपट्टीचं नाव पटकन सुचेल. मी त्याला आधी आचार्य प्रफुल्लचंद्र रस्त्यावरच्या बसू विज्ञान मंदिरात पाठवीन. जगदीशचंद्र बोस यांनी १९१७ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेच्या संग्रहालयात त्यांची उपकरणं जपून ठेवली आहेत. विमानाशी त्यांचा वरवर काहीच संबंध नाही. पण इंजिनावर इग्निशन कॉइल बसवताना ज्या गोष्टी छळतात, त्यांतल्या बऱ्याच बोसांना १८९० च्या दशकात, प्रेसिडेन्सी कॉलेजात काम करताना छळून गेल्या होत्या.

१८९५ मध्ये कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये बोसांनी तारेवाचून दूरची घंटा वाजवून दाखवली आणि बंदुकीची दारू उडवून दाखवली. त्यासाठी लागणाऱ्या विद्युतलहरी ते ठिणगीतून काढत, आणि ठिणगी काढत रुमकॉर्फच्या कॉइलमधून. लोखंडी गाभ्याभोवती जाड तारेचे थोडे वेढे, त्यावर केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे, एवढीच तिची रचना. जाड वेढ्यांतून प्रवाह सोडला की गाभ्यात चुंबकत्व साठतं. प्रवाह एकदम तोडला की ते चुंबकत्व कोसळतं आणि बारीक वेढ्यांत हजारो व्होल्टचा दाब उसळतो. रुमकॉर्फच्या मूळ कॉइलमध्ये प्रवाह तोडायला थरथरणारी पट्टी असे. तिचे संपर्कबिंदू जळत आणि ठिणगीचा भरवसा राहत नसे. बोसांनी ती पट्टीच काढली आणि एका वेळी एकदाच तोडून एकच ठिणगी घेण्याची सोय केली.

दुसरी अडचण जास्त चिवट होती. कॉइलमधला प्रवाह तोडताना जो चुंबकीय धक्का बसतो, तो लहरींची वाट न पाहता थेट मोजमापाच्या गॅल्व्हानोमीटरला हलवायचा. मग सुई लहरीमुळे हलली की कॉइलमुळे, हे कळायचं कसं? बोसांनी कॉइल आणि तिची छोटी बॅटरी दुहेरी भिंतींच्या धातूच्या पेटीत कोंडली आणि आतली पेटी मऊ लोखंडाची केली. मऊ लोखंड चुंबकीय क्षेत्र स्वतःत ओढून घेतं, बाहेर पडू देत नाही. लहरी बाहेर यायला फक्त एक नळी ठेवली. कॉइल कशी चालते याइतकंच ती कुठे आणि कशात ठेवायची यालाही महत्त्व आहे, हे कोलकात्यात तेव्हाच सिद्ध झालं होतं.

या कॉइलनं इंजिनात शिरकाव त्याच्याही आधी केला होता. १८६० मध्ये पॅरिसच्या लेन्वारनं आपल्या गॅस इंजिनात ठिणगीसाठी रुमकॉर्फचीच कॉइल वापरली. मोटारींनी ती पुढे सार्वत्रिक केली. उत्तरपाड्याच्या कारखान्यातून २०१४ पर्यंत निघत राहिलेल्या अँबॅसडरच्या पेट्रोल इंजिनांवर ती वर्षानुवर्षं डब्याच्या रूपात दिसली. पत्र्याचा उभा डबा, आत तेल, वर मधोमध जाड तारेचं तोंड. पावसाळ्यात ठनठनियाला पाणी तुंबलं की जुन्या टॅक्सीचा ड्रायव्हर बोनेट उघडून गमछ्यानं आधी डिस्ट्रिब्यूटरची टोपी पुसायचा आणि मग कॉइलचं तोंड. त्याचं निदान बरोबर असायचं. वीस-पंचवीस हजार व्होल्टला ओल्या धुळीचा पातळ थर म्हणजे उघडा रस्ता.

टॅक्सी पाण्यात बंद पडली तर ढकलता येते. विमानवाल्यांनी म्हणूनच कॉइलवर फार काळ विश्वास ठेवला नाही. राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानात इंजिन सुरू करायला कोरड्या बॅटऱ्या आणि कॉइल होती, पण इंजिन चालू झालं की ती जोडणी सोडून कॉइल जमिनीवरच ठेवली जाई. हवेत ठिणगीचं काम मॅग्नेटोकडे असे. मॅग्नेटो म्हणजे इंजिनानंच फिरवलेलं छोटं वीजयंत्र, त्याला बॅटरी लागत नाही. जानेवारी १९११ मध्ये ब्रिस्टल कंपनीचं बॉक्सकाइट विमान आंरी झ्युलेरो या वैमानिकानं कोलकात्याच्या मैदानावर प्रचंड गर्दीसमोर उडवलं, आणि त्याच महिन्यात औरंगाबादला दख्खनच्या घोडदळाच्या कवायतींत टेहळणीसाठीही उडवलं. तेव्हा ब्रँकर नावाचा लष्करी अधिकारी निरीक्षक म्हणून त्याच्यासोबत होता. त्या विमानाच्या ५० अश्वशक्तीच्या नोम इंजिनात सिलिंडरच गरगर फिरत. स्थिर मॅग्नेटोतून आलेली वीज कार्बनच्या ब्रशनं फिरत्या कड्यावर जाई आणि तिथून उघड्या पितळी तारांनी प्लगपर्यंत. आवरण नाही, काही नाही. औरंगाबादच्या कोरड्या जानेवारीत ते खपून गेलं असणार. कोलकात्याच्या श्रावणात काय झालं असतं याची कल्पना करायला गंमत वाटते.

मॅग्नेटोची कॉइल मॅग्नेटोच्या पोटातच असते. तिची जागा, तिचं आवरण, तिचं थंड राहणं हे सगळं कारखान्यात ठरलेलं असतं. आपल्याकडच्या फ्लाइंग क्लबांत पिढ्यांनी ज्यावर हात बसवला, त्या एचएएलच्या पुष्पक विमानात ९० अश्वशक्तीचं काँटिनेंटल इंजिन होतं. त्याला दोन मॅग्नेटो, प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग. एक मॅग्नेटो मेला तरी दुसऱ्यावर घरी येता यावं, हा हिशेब. मेकॅनिकला कॉइल कुठे बसवायची हा प्रश्न कधी पडलाच नाही.

तो पडतो घरी विमान बांधणाऱ्याला. फोक्सवॅगनचं हवेनं थंड होणारं इंजिन विमानाला लावणारे आहेत, कोरवेअर मोटारीचं लावणारे आहेत, आणि खास विमानाचंच लायकमिंग घेऊन त्याचा एक मॅग्नेटो काढून जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवणारेही आहेत. ठिणगी जोरकस मिळते, इंजिनाच्या वेगाप्रमाणे तिची वेळ पुढेमागे होते, सुरू करताना कटकट नाही. पण कॉइल मॅग्नेटोच्या पोटातून बाहेर येते आणि तिला बिऱ्हाड शोधून द्यावं लागतं. तयार आराखड्यांत इंजिनाच्या माऊंटिंगचं, टाकीचं, पंखाचं मिलिमीटरपर्यंत माप असतं. कॉइलपाशी आलं की बहुतेकदा एवढंच लिहिलेलं सापडतं, की सोयीच्या ठिकाणी बसवा.

आपल्याकडे हा उद्योग दुर्मीळ आहे. मुंबईच्या कांदिवलीत, चारकोपच्या घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव हे त्यातलं सर्वांत ठळक मराठी नाव. २०१६ च्या फेब्रुवारीत बीकेसीच्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांनी ते विमान पाहिलं. २०१७ मध्ये डीजीसीएनं त्याची नोंदणी केली, २०१९ मध्ये उड्डाणाची परवानगी मिळाली आणि २०२० मध्ये ते धुळ्याला उडालं. गच्चीपासून धावपट्टीपर्यंतची ही वाट वर्षांच्या हिशेबानं लांब आहे, आणि तिच्यातला मोठा भाग कागदांनी खाल्ला. उरलेला भाग अशाच बारीकसारीक जागांनी खाल्ला असेल, असं मला कोणतंही घरी बांधलेलं विमान पाहून वाटतं.

तयार इंजिन घेतलं तर हा व्याप वाचतो. बंगळुरूच्या एनएएलच्या हंसा-३ मध्ये किंवा एनसीसीच्या कॅडेटांसाठी घेतलेल्या पिपिस्ट्रेल विमानांत रोटॅक्सची इंजिनं आहेत. रोटॅक्स ९१२ ला दोन स्वतंत्र इग्निशन मॉड्यूल आणि चार दुहेरी कॉइली असतात, त्या इंजिनाच्या वरच्या बाजूला कारखान्यातूनच बसवून येतात. इग्निशनला लागणारी वीज इंजिनातलंच जनित्र देतं, त्यामुळे बॅटरी मेली तरी ठिणगी पडत राहते. ज्याला विमान उडवण्याची घाई आहे त्यानं हाच मार्ग धरावा. ज्याला बांधण्याचीच हौस आहे त्याला मी अडवणार नाही, फक्त उष्णतेचा हिशेब मांडायला सांगीन.

तांबं तापलं की त्याचा विद्युतरोध वाढतो, दर अंशाला साधारण ०.३९ टक्के. जुन्या पद्धतीची कॉइल घ्या, २० अंशांना जाड वेढ्यांचा रोध ३ ओहम. १२ व्होल्टवर ४ अँपिअर प्रवाह मिळेल. कॉइल १०० अंशांपर्यंत तापली तर रोध जवळजवळ ३.९ ओहम होतो आणि प्रवाह ३ अँपिअरवर येतो. प्रवाह पावच कमी झाला, पण साठणारी ऊर्जा प्रवाहाच्या वर्गावर अवलंबून असते. थंड असताना ६४ मिलिज्यूल असेल तर आता ती ३७ च्या आसपास. ठिणगी निम्म्याच्या जवळ आली आणि बाहेरून काहीच दिसलं नाही. आधुनिक इलेक्ट्रॉनिक्स प्रवाह जास्त वेळ चालू ठेवून हे काही अंशी भरून काढतं खरं, पण तो जास्तीचा वेळ कॉइलला आणखी तापवतो.

मग थंड जागा कोणती? आडव्या, समोरासमोर सिलिंडरांच्या बहुतेक विमान इंजिनांत पुढून आलेली हवा इंजिनाच्या वर साठते, सिलिंडरांवरच्या थंड करणाऱ्या पात्यांमधून खाली उतरते आणि तळातून बाहेर पडते. एक्झॉस्टचे पाइप खालीच असतात. म्हणजे उडताना वरची बाजू थंड, खालची भट्टी. त्यामुळे कॉइल क्रँककेसच्या वर बसवावीशी वाटते, आणि उड्डाणाचा विचार केला तर ते बरोबरच आहे. गोची होते उतरल्यावर. पंखा थांबला, वारा थांबला, आणि सिलिंडरांत साठलेली उष्णता आता उलट्या दिशेनं, खालून वर चढू लागते. मे महिन्यातल्या कोलकात्याच्या दुपारी बाहेरच ३८ अंश असतात, हवा ओलसर आणि जागची हलत नाही. इंजिन बंद केल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी वरचं आवरण सर्वांत जास्त तापतं, उडताना कधीच तापलं नव्हतं इतकं. इंधन भरून, पाणी पिऊन वैमानिक परत येतो आणि नेमकं तेव्हाच बटन दाबतो.

म्हणून मला स्वतःला फायरवॉल बरी वाटते. फायरवॉल म्हणजे इंजिन आणि माणूस यांच्यामधली पोलादी भिंत. तिच्या वरच्या भागात, एक्झॉस्टपासून दूर, समोरून गार हवेची एक बारीक नळी आणून सोडली तर कॉइल निवांत राहते. शिवाय भिंत इंजिनाइतकी थरथरत नाही. याची किंमत मात्र मोजावी लागते. प्लगच्या तारा लांब होतात, आणि इंजिन रबरी माऊंटांवर असल्यामुळे सुरू होताना आणि बंद होताना चांगलं हलतं. तारेला तेवढी ढील हवी, पण ती लोंबून एक्झॉस्टला किंवा सिलिंडरच्या धारदार पात्यांना टेकायला नको. रबराच्या माऊंटमधून वीज जात नाही, म्हणून इंजिन आणि विमानाचा सांगाडा यांच्यात अर्थिंगची जाड वेणीची पट्टी लागतेच. ती विसरली तर परतीचा प्रवाह कार्ब्युरेटरच्या केबलमधून नाहीतर थ्रॉटलच्या तारेतून वाट काढतो आणि ती तार जाळतो. आणखी एक गोष्ट, इंधनाचा फिल्टर आणि गाळणी याच भिंतीवर असतात. कॉइल त्यांच्या वर नको, शेजारीही नको.

थरथर इंजिनावर किती असते याचा अंदाज आकड्यातच येतो. चार सिलिंडरांचं इंजिन मिनिटाला २७०० फेऱ्यांनी चालत असेल तर सेकंदाला ९० स्फोट होतात. तीस तासांच्या उड्डाणात कॉइलच्या ब्रॅकेटला साधारण एक कोटी धक्के बसले. पोलादाला एका मर्यादेखालचे धक्के कितीही बसले तरी ते तग धरतं. ॲल्युमिनियमला अशी मर्यादाच नाही. धक्के लहान असले तरी पुरेसे झाले की तडा जातोच, आणि तो जातो जिथं पत्रा वाकवला असेल तिथं. हौशी माणूस मात्र कापायला सोपी म्हणून ॲल्युमिनियमचीच पट्टी घेतो, व्हाइसमध्ये धरून काटकोनात वाकवतो आणि एका टोकाला कॉइल लटकवतो. इंजिनावरच बसवायची असेल तर पोलादी पट्टी, वाकताना गोलाई, कडा कानशीनं गुळगुळीत, आणि दोन्ही टोकांना आधार. बोल्ट कुठले वापरायचे हेही पाहावं. सिलिंडर क्रँककेसला धरून ठेवणाऱ्या स्टडवर एक नट काढून खाली ब्रॅकेट सरकवणं सोपं असतं, पण तिथला ताण मोजून दिलेला असतो आणि मधे पातळ पट्टी आली की तो बिघडतो. रिकामे आटे असलेली जागा शोधावी, नसली तर तयार करावी. नायलॉनचे लॉकनट उष्णतेजवळ मऊ पडतात, तिथं पूर्ण धातूचे वापरावेत.

कॉइल कोणती हा प्रश्नही इथंच सुटतो. कोलकात्याच्या मल्लिक बाझारात मोटारींचे जुने सुटे भाग ढिगानं मिळतात आणि तिथं तेल भरलेली डब्याची कॉइलही स्वस्तात मिळेल. ती घेऊ नये. थरथरीनं आतला गुंडाळा हलतो, शिवण सुटते, तेल गळतं आणि आत हवेची पोकळी होते. इपॉक्सीत ओतलेली घन कॉइल घ्यावी, आणि तीही कोरी. जुनी कॉइल बाहेरून नव्यासारखी दिसते, आतल्या तारेला किती उन्हाळे झाले हे तिच्या कांतीवर लिहिलेलं नसतं.

ओलाव्यासाठी एका काळ्या रेघेवर लक्ष ठेवायचं. कॉइलच्या तोंडाभोवती ओल आणि धूळ साचली की वीज पृष्ठभागावरून सरपटते. जिथून सरपटली तिथं प्लॅस्टिक जळून कार्बन होतो, आणि कार्बन वाहक असल्यामुळे पुढच्या वेळी तीच वाट आणखी सोपी. केसाएवढी काळी रेघ दिसली की कॉइल बदलायची, पुसून भागत नाही. डिसेंबरच्या धुक्याच्या सकाळी गार धातूवर दव धरतं तेव्हा या रेघा सुरू होतात. तोंड खाली किंवा आडवं ठेवलं, रबरी टोपीत सिलिकॉनचं ग्रीस भरलं, तर पाणी साचत नाही.

उंचीचाही एक त्रास आहे. हवा स्वतःच विद्युतरोधक आहे आणि ती विरळ झाली की वीज जास्त लांब उडी मारते. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब निम्मा होतो. दुसऱ्या महायुद्धात चीनची सीएनएसी ही विमान कंपनी दमदमला आपला मुख्य तळ ठेवून हिमालयाच्या पूर्व टोकावरून चीनमध्ये माल नेत होती. त्या उंचीवर तोंडाजवळची मोकळी हवाच फितूर होते. पुढच्या काळात मोठ्या रेडियल इंजिनांसाठी यावर नामी तोड निघाली. मॅग्नेटोपासून कमी दाबाची वीज आणायची आणि प्रत्येक सिलिंडरच्या शेजारी छोटी कॉइल ठेवून दाब तिथंच वाढवायचा, म्हणजे उंच दाबाची तार वीतभरच राहते. आजच्या मोटारींत प्लगवरच बसणारी कॉइल असते, ती याच विचाराची. घरगुती विमान दोन-अडीच हजार मीटरवर फिरतं, त्याला एवढी चिंता नाही. आणि प्लगवरची कॉइल सिलिंडरच्या डोक्याला चिकटून बसते, म्हणजे पुन्हा उष्णतेचं दुखणं आलंच.

आता बोसांची पेटी. ठिणगी हे रेडिओ लहरींचं उगमस्थान असतंच, टाउन हॉलात घंटा वाजली ती त्यामुळेच. विमानात त्याच लहरी हेडफोनमध्ये टिकटिक करतात आणि इंजिनाच्या वेगाबरोबर टिकटिक वाढते. तो उपद्रव सहन होण्याजोगा आहे. दुसरा नाही. इलेक्ट्रॉनिक इग्निशनला क्रँकची स्थिती सांगणारा चुंबकीय सेन्सर असतो, त्याच्या तारेत मिलिव्होल्टचे इशारे वाहतात. कॉइलची तार त्या तारेला बांधून नेली, आणि दिसायला नीटनेटकी म्हणून हौशी माणूस तसंच बांधतो, तर कॉइलचा प्रत्येक तोडा सेन्सरला खोटा इशारा देऊ शकतो. गॅल्व्हानोमीटरची सुई नाचली तशीच ठिणगीची वेळ नाचते. पिस्टन वर येत असतानाच स्फोट झाला तर पंखा उलटा झटका देतो, आणि सुरू करताना हे झालं तर क्रँक, स्टार्टर किंवा माणसाचा हात मोडतो. सेन्सरची तार जोडीनं पिळलेली आणि जाळीच्या आवरणातली हवी, कॉइलच्या तारांपासून दूर, आणि दोघी एकमेकींना ओलांडतच असतील तर काटकोनात.

सगळ्यांत जास्त वेळा दिसणारी चूक तांत्रिक नाही, विचाराची आहे. नियम दोन इग्निशनचा, म्हणून दोन कॉइली घेतल्या जातात, आणि त्या एकाच पट्टीवर, एकाच बोल्टनं, एकाच फ्यूजमधून वीज घेत बसतात. एक बोल्ट सुटला, एक फ्यूज उडाला, एक तडा गेला, की दोन्ही गेल्या. जागा वेगळ्या, वीज वेगळी, अर्थिंगचे बिंदू वेगळे, आणि एकीला तरी स्वतःची छोटी बॅटरी, असं असेल तरच ती दोन इग्निशनं.

बसवून झाल्यावर कॉइलच्या अंगावर तापमान दाखवणारी पट्टी चिकटवावी. ठरावीक अंश ओलांडले की तिचा चौकोन काळा होतो आणि परत पांढरा होत नाही, त्यामुळे इंजिन बंद असताना काय झालं तेही कळतं. पहिल्या काही तासांनंतर ब्रॅकेटच्या वाकणावर रंगीत द्राव लावून तडा शोधावा, बोल्टवर मारलेली रंगाची रेघ सरळ आहे का पाहावं. उड्डाणापूर्वी एकेक इग्निशन बंद करून इंजिनाच्या फेऱ्या किती पडतात हे सगळेच तपासतात. फेऱ्या मुळीच पडल्या नाहीत तर खूश व्हायचं नाही, बंद केलेलं इग्निशन बंदच झालेलं नाही असा त्याचा अर्थ असू शकतो. ही तपासणी सकाळच्या गारव्यात करून भागत नाही. इंजिन चांगलं तापवावं, बंद करावं, आवरण न उघडता वीस मिनिटं थांबावं, पुन्हा सुरू करून एकेक कॉइलवर चालवून बघावं. अशक्त कॉइल असेल तर ती तेव्हाच अडखळते.